मातृप्रेम योजना

पिंपरीच्या थांब्यावर चाकणच्या बसची वाट पाहणाऱ्या उद्धवरावांच्या कानांवर मागच्या दोघींचे बोलणे पडले आणि ते वेळापत्रक तिसऱ्यांदा वाचू लागले.

"करिष्मा, बाळंतपणाची रजा मंजूर झाली का गं?"

"होईल, जयमालाताई. आधी समारंभ आहे."

"कसला?"

"कंपनीची 'मातृप्रेम योजना'. मागे फलक, हातात गुच्छ, साहेबांसोबत फोटो. मग मी आभाराचं भाषण करायचं."

"अगं, ती रजा कायद्यानंच मिळते!"

"तेच म्हटलं. तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, तुझे विचार फार नकारात्मक आहेत."

"भाषणच करू नकोस."

"माझ्यासोबतच्या तेजस्विनीनं नाही केलं. तिचा अर्ज बाळाच्या बारशानंतर मंजूर झाला."

"कमालच आहे बाई!"

"मी एवढंच म्हटलं, साहेबांनी आधी सही करावी, मग बोलते."

"मग?"

"मॅडमना वाईट वाटलं. 'कंपनीच्या मायेवर एवढाही विश्वास नाही?' म्हणाल्या."

"तू काय म्हणालीस?"

"सातवा महिना लागलाय, ताई. उभं राहून पाय सुजतात. असेंब्ली लाइनवर बसायला एक स्टूल मागितलं."

"दिलं?"

"ते पुढच्या वर्षीच्या योजनेत आहे म्हणे."