शून्य पूर्णांक नऊ

—आणि राजीनामा चक्क कागदावर! मेल करायचं सोडून? बस. बस म्हणते ना. आणि हे कापडी कासव कशाला आणलंस बरोबर? हो, माहितेय मला, सर्व्हर पाडणाऱ्याच्या टेबलावर कासव, पुढचा कोणी पाडेपर्यंत — म्हणून काय कडेवर घेऊन हिंडायचं? एका दिवसात लळा लागला की काय!

बरं, काय केलंस ते सांग. नको, मीच सांगते, तू परत रडशील. नव्या सर्व्हरांकडे किती भार पाठवायचा — दहातले नऊ हिस्से, म्हणजे शून्य पूर्णांक नऊ — हे काढून देणारं फंक्शन तू आपल्या भार वाटणाऱ्या टूलला जोडायच्या प्लगइनमध्ये लिहिलंस. हिशेब चोख. पण फंक्शन काय परत देणार ते वर आधी जाहीर करावं लागतं, आणि तिथे होतं ‘इंटिजर’. पूर्ण आकडा. टूल अडून बसलं — कबूल केलाय पूर्ण, देताय दशांश, चालणार नाही. मग बाईसाहेबांनी काय केलं? दशांश छाटला! नऊ गेला, उरलं शून्य. टूल खूश, सगळा भार जुन्या दोन सर्व्हरांवर, आणि दवाखान्याची नोंदणी चाळीस मिनिटं ठप्प. वर ‘फ्लोट’, म्हणजे दशांश, एवढा एक शब्द लिहायचा होता, वेडाबाई!

हसलीस? चला. आता मला विचार, ते ‘इंटिजर’ लिहिलं कोणी? तू नाहीस. तू टेम्प्लेट उचललंस, तो तयार साचा, सगळेच उचलतात. आणि टेम्प्लेट केलं कोणी? मी. पाच वर्षांपूर्वी, घाईत — घाई कसली, लक्षच नव्हतं माझं.

काय? इतकी वर्षं कोणाला अडलं कसं नाही? बाकीच्यांना पूर्ण आकडेच लागायचे ना. एकाला अडलं. त्यानंही तुझ्यासारखंच छाटलं, सर्व्हर पाडला. माझा धाकटा भाऊ — इथेच होता, तू बसतेस त्याच खिडकीपाशी. हे कासव पहिल्यांदा आलं ते त्याच्यासाठी, मीच आणलं, गंमत म्हणून. दुसऱ्याच दिवशी कळलं मला, चूक कुठून आली ते. त्याचं फंक्शन गुपचूप नीट केलं — पण टेम्प्लेटला हात लावला नाही. ती ओळ बदलली असती तर आधीची कोणी लिहिली, ते नोंदीतून निघालं असतं. तीन महिन्यांत नोकरी सोडली त्यानं. आता मुलांना पोहायला शिकवतो. बरा आहे. पण अजून म्हणतो, ताई, ते काम आपल्याला झेपणारं नव्हतंच — आणि मी मान डोलावते. पाच वर्षं डोलावतेय.

हे तुला का सांगत बसलेय मी? अशी बघू नकोस. पाणी पी. नाही, मला नको, तूच पी.

तो कागद दे इकडे. हं, फाडला. टेम्प्लेटमधली ती ओळ आज तू बदलायची, आणि खाली नोंदीत लिहायचं मूळ चूक कोणाची ते, माझ्या नावानिशी. कासव? राहू दे इथेच, माझ्या टेबलावर. ऊठ आता, कामाला लाग. आणि जाताना दार ओढून घे — भावाला फोन लावायचाय मला.