आत्याबाईंनी पुढं केलेला पाय

जमलेल्या समद्या मायबापांना जयभीम.

मला बोलता येत न्हाई. आमच्या घरात बोलायचं काम सासूबाईंचं, गयाबाईंचं होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आज त्या फोटोत गप बसल्यात आन् मला उभं केलंय.

बाळापूरच्या बाजारात तुमी त्यांच्याकडून मिरच्या घेतल्यात. मूठभर जास्तीच्या टाकायच्या आन् वर म्हणायच्या, "तिखट लागल्या तर माझ्या नावानं बोंबल!"

तरुणपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. लपवायचं काहून? चोरी केली होती का? गोळ्या पुऱ्या केल्या, बऱ्या झाल्या. पण दोन्ही तळपाय बधिर राहिले. उजव्या टाचेला जखम होती. भरायची, पुन्हा उकलायची. काटा मोडला तरी त्यांना कळत नव्हता.

लग्न होऊन आले तवा मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले. "तोंडाकडं बघून नमस्कार कर. पाय कामाचे न्हाईत." सण झाले, लेकरं झाली, पण पायाला कधी हात लावू दिला न्हाई.

मग एक दिवस ती टाच दुखायला लागली. दुसरं कुणी रडलं असतं. आत्याबाई हसत ओरडल्या, "पोरी, दुखून राहिला गं! पाय जिता झाला!" आमी शिरा केला, गल्लीत वाटला. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो खाल्लाय.

तो कॅन्सर होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा जुन्या जखमेत क्वचित होतो. गुडघ्याखाली पाय काढला. पण दुखणं वर सरकलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. डावा पाय पुढं केला. "ये, पड आता पाया. खराब होता त्यो गेला."

मी दोन्ही हात ठेवले, डोकं टेकलं. लई रडू आलं, मान वर करवंना. वरून आवाज आला, "पडलीस का गं? मला कळत न्हाई."

"व्हय आत्याबाई, पडले."

"मग बराबर. सुखी राहा."

मायबापांनो, आता जरा उभं राहू, गप राहू. मनातल्या मनात त्यांच्या पायाशी वाका. त्यांना कळंल का, असं इचारू नका. तवाबी कळलं नव्हतं. मी सांगते त्यांना.

आत्याबाई, समदे पडले.