कपाटातलं रेकॉर्डिंग

—नाही नाही, स्क्रीन ठीक आहे, बिघडलेय ती मी. तुम्हा दुरुस्तीवाल्यांना पाठवलेल्या तक्रारीत "तांत्रिक बिघाड" लिहिलं, कारण "ग्रंथपालबाई मूर्ख आहेत" असा पर्यायच नव्हता त्यात. अरे-तुरे करते हं तुला, माझ्या मुलाएवढा असशील. एक रेकॉर्डिंग उडवायचंय—पण कुठून कुठवर ते कळायला आधी सगळं ऐकावं लागेल.

शाळेनं मला त्या शिक्षण-तंत्रज्ञानाच्या परिषदेला पाठवलं. मलाच का? तर संगणकाच्या सरांना ताप आला म्हणून. गळ्यातली नावाची पट्टीही सरांचीच—लोक दिवसभर मला "सर" म्हणत होते आणि मी "हो" म्हणत होते. एका बाईंनी माईक पुढे केला, "तुमचं व्हिजन काय?" म्हटलं, "जवळचं जरा कमी झालंय." काय हशा पिकला! त्यांना वाटलं विनोद केला—मी चष्म्याबद्दल बोलत होते रे. पण तिथून निघाले ती पेटूनच. आता ग्रंथालय बदलायचं! आल्या आल्या "शांतता राखा"ची पाटी काढली. पुढे काय? शांतताच. गोंगाट करायला कुणी यायला तर हवं!

मग दुसरं उद्दिष्ट—पुस्तकांवर ते चौकोनी कोड चिकटवायचे, पोरांनी टॅब समोर धरला की माझ्या आवाजात गोष्टीची सुरुवात, ऐन रंगात आली की तोडायची, म्हणजे पुढचं वाचायला पोरं धावणार. छान आहे की नाही? मलाही वाटलं. घरी रेकॉर्ड करायला बसले तर शेजाऱ्यांचं ड्रिल, आमच्या ह्यांचा टीव्ही—शेवटी कपड्यांच्या कपाटात शिरले, दार ओढलं, नाकासमोर ह्यांचा कोट, आणि सांगतेय दीपगृहातल्या म्हाताऱ्याची गोष्ट. रंगले रे! वादळसुद्धा तोंडानंच काढलं. तेवढ्यात ह्यांनी दार उघडलं. "कपाटात कुणाशी बोलतेयस?" झालं, भडकले मी—"कुणाशी बोलू मग? दिवसभर आहे कोण? पोरं पुस्तक टेबलावर ठेवतात, मी शिक्का मारते, संपलं. त्या शिक्क्याला तरी आवाज आहे!" हे म्हणाले, "मग माझ्याशी बोल." म्हटलं, "आधी तो टीव्ही बंद करा!"—आणि कोटात तोंड खुपसून रडले. का रडले ते... असो. ते जाऊ दे.

आणि फोनवरचं रेकॉर्डिंग? ते चालूच. हे सगळं वादळाच्या मागोमाग जसंच्या तसं पुस्तकावर चिकटलं. तपासलं का मी? नाही, स्वतःचा आवाज ऐकायची लाज वाटते. आठवडाभर शाळा ऐकत होती! मुख्याध्यापिका मला बघून उगाच खोकायच्या, शिपाईमामा माझ्यासाठी दार धरून उभे राहायचे—आणि मला वाटत होतं, परिषदेहून आल्यापासून मान वाढलाय!

मग परवा सातवीतली एक पोरगी आली, एरवी नाव विचारलं तरी जमिनीकडे बघणारी. "बाई, मधल्या सुट्टीत रोज येऊ?" म्हटलं, "ये की. कुठलं पुस्तक हवंय?" तर म्हणते, "पुस्तक नको. बोलायला. माझ्याशीपण कुणी बोलत नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि मी काय केलं असेल? जवळ घेतलं? बस म्हटलं? छे. हातात शिक्का होता, तो मारला. पुस्तक नव्हतं तरी मारला—टेबलावर. हा बघ, पुसून जात नाहीये. पोरगी "बरं" म्हणाली आणि गेली. आणि मी काय, तर तुमच्याकडे तक्रार नोंदवली—तांत्रिक बिघाड!

तर तो तुकडा... ह्यांच्या आवाजापासून शेवटपर्यंत. सापडला? लगेच दाबू नकोस, जरा—घंटा झाली वाटतं. अगं बाई. दारात तीच आहे. पुन्हा आली रे. उडवलंस का? नाही ना? मग राहू दे. कारण काय विचारतोस, राहू दे म्हटलं ना! ऊठ, ऊठ त्या खुर्चीवरून, बॅग उचल तुझी—तिला बसायचंय.