घरची बिअर

आयसेलिन गावातल्या भारतीय किराणा दुकानात दिगंबरकाका रांगेत उभे होते. बायको गेल्यापासून त्यांचं सामान एका हातात मावे. पुढे एक जोडपं होतं.

"बिअरसाठी घेतलेली आमसुलं परत ठेव, देवयानी. घरी बिअर बनवायची सगळी भांडी विकून टाकतोय मी."

"का रे?"

"फार महाग हौस आहे, यार. दुकानातली बिअर स्वस्त पडते."

"आणि तुझ्या मित्रांचं काय? कुशलचं गोल्फ फुकट आहे? रवीची बोट? त्यांच्या बायकांना शनिवार-रविवार नवरा दिसत नाही. माझा घरीच असतो, पातेलं ढवळत, गाणी म्हणत."

"तू तर थेंबही पीत नाहीस."

"गाणी ऐकते ना, बेसूर असली तरी! काही विकायचं नाही."

आमसुलं ट्रॉलीतच राहिली. नवऱ्याने हसत मागे पाहिलं.

"काका, तुमचं थोडंच सामान आहे. पुढे व्हा ना."

"नको, मला घाई नाही. तुम्ही बोला."