परातीतलं पिवळं पाणी

माझं गाव कणकवलीच्या आत, एस्टीतून उतरून पुढे दोन तास चालत जायचं, आणि कावीळ उतरवायची विद्या माझ्याकडे आली ती मामाकडून. विद्या हा शब्द तोंडात बसलाय म्हणून निघून गेला, तुम्ही लिहिताना तिथं फसवणूक लिहा, माझी हरकत नाही. मामा मरताना म्हणाला, वश्या, ही घरात ऱ्हावची, आणि तीन नियम सांगून गेला. एक पैशाला हात लावायचा नाही. तीन रविवार पुरे होईपर्यंत रोग्याला सुई लागू द्यायची नाही, सुई लागली की उतरलेली कावीळ उलटी चढते. आणि हात धुऊन झाले की रोग्यानं येतो म्हणायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, नीट चालू लागायचं.

मी तेव्हा नाहूरला चाळीत राहायचो, आजही तिथंच आहे, आणि मुलुंडच्या एका कंपनीत हेल्पर होतो. काय सांगू तुम्हाला, सोमवार ते शनिवार मला तिथं नावानं कुणी हाक मारत नव्हतं, ए, इकडे ये, एवढंच. आणि रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या दारात रांग, वसंतभाऊ, वसंतभाऊ. चाळीतले तर यायचेच, पण चेंबूरहून साहेब लोक टॅक्सी करून यायचे, शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर आपल्या मुलीला घेऊन आले होते, तिचे हात माझ्या परातीत धरून मला म्हणतात, भाऊ, विज्ञानाच्या पलीकडेही काहीतरी असतंच ना. आज ते मास्तर भेटले तर विचारीन, की अहो, फळ्यावर काय शिकवत होतात तुम्ही.

करायचं काय, तर आदल्या दिवशी आंब्याची साल पाण्यात भिजत घालायची. साल मी आरे कॉलनीत जाऊन आणायचो, बस बदलून, कारण चाळीजवळ झाडं उरलीच नव्हती. ते पाणी फिक्या चहासारखं दिसतं, त्याला मंतरलेलं पाणी म्हणायचं आणि झाकून ठेवायचं. रोग्याचे हात आधी त्या पाण्यानं चोळायचे, मग परातीवर धरून वरून चुन्याची निवळी सोडायची, तोंडानं पुटपुटत, आणि परातीत पिवळंधमक पाणी उतरायचं. बाया तोंडाला पदर लावायच्या, बघा गं, केवढी साचली होती. मलाही खरंच वाटायचं, तुमची शपथ, आठ वर्षं मला वाटायचं की ती कावीळच गळतेय. रोगी बरे व्हायचे ना. बहुतेकांची कावीळ पथ्य पाळून पडून राहिलं की आपोआप उतरते, हे मला फार उशिरा डॉक्टरांकडून कळलं. लिव्हर आपलं काम करायचं आणि पाया माझ्या पडायचे.

आता जे सांगतो ते बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या आधीचा रविवार होता. सकाळी सालीचे तुकडे कुस्करताना माझे हात त्या पाण्यात भिजलेले, तसेच मी मोरीत चुन्याची निवळी गाळायला गेलो, थोडी हातावर सांडली आणि माझ्या हातावरून पिवळं पाणी वाहायला लागलं. मला कावीळ नव्हती. डोळे पांढरेशुभ्र, लघवी साफ, आदल्या दिवशी मटण खाल्लेलं. मी हात साबणानं धुतले, परत साल लावली, परत निवळी सोडली, परत पिवळं. मोरीचं दार लावून तीन वेळा केलं. बाहेरून बायको विचारतेय, अहो, रांग लागलीय, किती वेळ? मी म्हटलं, आलो. आणि बाहेर येऊन परातीपुढे बसलो.

बसलो, हे लिहा. मला कळलं होतं आणि मी बसलो. कारण सोमवारी मला परत ए म्हणणार होते.

आमच्या दोन खोल्या सोडून अनंत राहायचा, माझ्या गावचाच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि त्याची बायको सुनंदा. मला भावोजी म्हणायची, आणि भारी फटकळ, माझ्या पुटपुटण्याला हसायची, भावोजी, मंत्र म्हणताय की पाढे? पुढच्या पाडव्याच्या सुमारास तिला कावीळ झाली, आणि सातवा महिना चालू. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोटुशीला कावीळ म्हणजे खेळ नाही, आजच्या आज भरती करा. अनंत चिठ्ठी घेऊन सरळ माझ्याकडे आला. भाऊ, तू सांगशील तसं करतो, भरती केली की सुया टोचणार, मग तुझी कावीळ उलटली तर काय करू?

मला मोरी आठवली. एवढंच म्हणायचं होतं, ने तिला. दोन शब्द. पण सुनंदाची सासू मागे उभी होती, शेजारच्या बाया उभ्या होत्या, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी म्हटलं, तीन रविवार होऊ देत, मग बघू. शुद्धीत, दिवसाढवळ्या म्हटलं.

पहिल्या रविवारी पाणी पिवळं. दुसऱ्या रविवारी आणखी पिवळं, कारण मी साल जास्त टाकली होती, लोकांना बरं वाटावं म्हणून. सुनंदा तेव्हा हसली नाही. म्हणाली, भावोजी, इतकी उतरली तर मला बरं का वाटत नाही? मी म्हटलं, जुनी आहे गं, मुरलेली. बुधवारी ती बरळायला लागली, नवऱ्याला ओळखेना. सासू म्हणाली, बाहेरचं काही लागलंय, लिंबू उतरवा. गुरुवारी दुपारी अनंतनं तिला उचलून हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथले डॉक्टर एकच वाक्य बोलले, इतके दिवस होतात कुठं? शनिवारी ती गेली, पोटातलं बाळही गेलं. आणि सासू माझ्याकडे येऊन म्हणते, भाऊ, तुझा दोष नाय रे, तिसरा रविवार तिच्या नशिबात नव्हता.

त्या माफीनं मला जाळलं. शिव्या दिल्या असत्या तर झेपल्या असत्या.

वर्षभर मी हात दुखतो म्हणून परात बंद ठेवली, तर सुनंदाची सासूच रोगी घेऊन यायची, कर रे भाऊ, पुण्य लागेल. शेवटी एका रविवारी सकाळी मी अनंतला घरी बोलावलं, परात मांडली, त्याच्या हाताला सालीचं पाणी लावलं आणि निवळी सोडली. पिवळं पाणी बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, भाऊ, म्हणजे मलापण कावीळ झालीय? बघा हो, आम्ही लोकांच्या डोक्यात काय पेरून ठेवलंय ते. मी म्हटलं, नाही रे बाबा, आणि माझे हात धुतले, पिवळं. बायकोचे धुतले, पिवळं. मग त्याचे हात साबणानं स्वच्छ करून नुसत्या निवळीनं धुतले, साल न लावता, तर पाणी होतं तसंच.

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले. मग विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हटलं, गणपतीच्या आधी. त्यानं बोटांवर महिने मोजले, पाडव्यापर्यंत आला आणि बोटं थांबली. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. तो उठला, परात मोरीत ओतली, घासली, पालथी घातली आणि गेला. येतो म्हणाला नाही. मागे वळून बघितलं नाही.

आता त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो अजून दोन खोल्या सोडूनच राहतो, नळावर समोर येतो, माझ्याकडे बघत नाही. रविवारी कुणी आलंच तर मी आधी माझे हात पिवळे करून दाखवतो, मग त्यांचे, आणि दवाखान्याची वाट सांगतो. निम्मे लोक म्हणतात, भाऊची विद्या गेली, चला भांडुपला, तिथं एक बाई आहे. ती बाई, तिच्याकडे नेणारे, पेपरात तिचं कौतुक छापणारे, सगळ्यांची मला चीड येते, पण ओरडायला तोंड उघडलं की मोरीचं दार आठवतं.

माझं वय अठ्ठेचाळीस. तुमच्या घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि माझ्यासारखा कुणी भला माणूस पैसे न घेता हात धुऊन देतो म्हणाला तर त्याला आधी स्वतःचे हात धुवायला सांगा.