फोटोतून हे गेले कुठी

माहेर माहं शिरपूर जैनचं, सासर केनवडच्या पल्याडच्या वस्तीवर. वावर हाये थोडसं, पन त्याच्यानं भागत नाई, मंग दिवाळी झाली की आमी दोघं ऊसतोडीले जातो. तिकडं मुकादम जोडप्यालेच एक कोयता म्हनते. काय सांगू तुमाले, लगन झाल्यापासून मी ह्यायच्याबिगर कुठीच राह्यली नाई, अन् तरी हे असं झालं.

तोडीवरून वापस येताना मालेगावच्या बसस्टँडवर भिंतीच्या कडीले बसलो होतो, हे माह्या बाजूले भजे खाऊन राह्यले होते, मले म्हने घे ना, गरम हायेत, मी म्हनलं मले गाडीनं मळमळते, तुमीच खा. मांगं घराच्या जाहिरातीचं मोठं बोर्ड, त्याच्यावर नवरा-बायको, लेकरं, बुढा-बुढी, सारे हासून राह्यले. तवा वाशीमचे एक फोटोवाले सर आले, म्हने काकू काढू का फोटो, मी म्हनलं काढा बाप्पा. तं ते खाली मातीत आडवेच झाले. मले हासू आलं, तं म्हने हासू नोका, रस्त्याकडं पाहा. मी पाह्यलं. मंग त्याइनं ह्यायचा फोन नंबर लिहून घेतला.

पुढं त्याच फोटोले बक्षीस भेटलं, आमाले वाशीमले प्रदर्शनात बलावलं. फोटो दरवाज्याएवढा. वरतं ते हासनारं घर, खालतं कोपऱ्यात मी एवढीशी, अन् बाजूले हे नाईतच. ह्यायनं फोटोच्या कडीले बोट लावलं, म्हने मी तं इथंच होतो. तिथं एका बाईनं माहा हात धरला, डोये भरून म्हने ताई, कोनीच नाई का तुमाले? मी म्हनलं हे काय, हे हायेत ना. तिनं ह्यायच्याकडं पाह्यलं, फोटोकडं पाह्यलं अन् गेली निंघून.

मी सरले इचारलं, हे कुठी गेले? सर म्हने काकू, काका कापले म्हनून तुमी एकट्या दिसता, खालून काढला म्हनून ते घर तुमच्यावर चढल्यावानी दिसते, इकडं हासू अन् इकडं तुमी, त्याच्यानंच फोटो बोलते. मी म्हनलं पन मी एकटी नव्हती ना. ते म्हने हा फोटो तुमचा नाई काकू, जमान्याचा हाये. मले काई समजलं नाई. तोंड माहं, लुगडं माहं, भिंत मालेगावची, त्याच्यात खोटं काय म्हनू, अन् खरं तरी कसं म्हनू?

मंग तो फोटो फोनाफोनात फिरला, पोरीच्या सासरी गेला. पोरगी रडत रडतच फोनवर, माय, बाबाले काय झालं वं? ह्यायनं फोन घेतला, म्हने बाई, मी हाव जित्ता.  पन एकडाव जेवता जेवता हे म्हने, मी भजे खात होतो म्हनून कापलं असंन का? मी म्हनलं नाई हो. पन मले तरी कुठी मालूम?

सरनं फोटो फ्रेम करून देल्ला, खिळा ह्यायनंच ठोकला. आल्यागेल्याले सांगतेत, मी इकडं हाव, काचेच्या बाहेर. सरचं भलं होवो, मानूस वाईट नाई. पन खरं सांगू, भाकरी टाकता टाकता नजर वर गेली की फोटोतल्या त्या बाईची मलेबी कीव येते, अन् मी ह्यायले हाका मारतो, ऐकलं का, कुठी हा तुमी?