डावा पाय तयारीत

...आणि वर मलाच म्हणतात, "जावईबापू, तुम्हाला भास होतो." भास! अहो, गाडी जात्यात खडे पडल्यासारखी घरघरतेय, सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे दयेनं बघतोय, आणि मला म्हणे भास होतो!

बरं, म्हणणारे कोण, तर आमचे बाबा, म्हणजे सासरे. नुसते सासरे असते तर ऐकून घेतलं असतं, जावयाच्या कानांना सवय असते. पण तुम्हाला सांगतो, या माणसानं आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. निम्म्या गावाला गाडी यांनी शिकवली. आता नजर अधू झाली, डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं, स्कूल बंद झालं, त्यांची गाडी माझ्याकडे आली... आणि गाडीबरोबर शेजारच्या सीटवर तेही आले. ऑफिसला जाताना ते, भाजी आणायला ते, माझी दाढ काढायची होती तेव्हाही ते. आणि वाटभर एकच पाठ: "डावा पाय कुठाय? क्लचवर टेकवा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. डावा पाय तयारीत, तर माणूस तयारीत." पाय जरा खाली घेतला की खाकरतात. नजर अधू म्हणे. माझा पाय मात्र बरोब्बर दिसतो!

आता मी काही मेकॅनिक नाही, पण कान आहेत ना मला? क्लच दाबला की घर्रर्र... पाय उचलला की चिडीचूप. परत दाबला, परत घर्रर्र. शेंबडं पोरही सांगेल, दुखणं क्लचमध्ये आहे. पण बाबांना सांगणार कोण? ते म्हणाले, "पट्टा आहे." पट्टा बदलला. घर्रर्र. "ऑइल असेल." ऑइल बदललं. घर्रर्र. मग म्हणाले, "रस्ताच खराब आहे हो." गाडी दारात उभी होती!

शेवटी एकदा गिअर टाकताना गाडी अशी काही किंचाळली, की मी मुकाट्यानं गॅरेजकडे वळवली. मेकॅनिकनं बॉनेटवर कान टेकवला, मला म्हणाला, दाबा, सोडा, दाबा... आणि हसला. "रिलीज बेअरिंग गेलंय, दादा. क्लच दाबला की तेवढ्यापुरतं याला काम, पाय उचलला की आराम. पण कुणी पाय टेकवूनच ठेवला, तर बिचारं दिवसभर घासत..." तेवढ्यात पलीकडच्या दारातून बाबा उतरले. यानं झटकन हात पुसले. "सर! तुम्ही?"

हाही त्यांचाच विद्यार्थी!

मला कोपऱ्यात घेऊन म्हणतो, "दादा, सरांनी शिकवलेल्या माणसांवरच तर माझं गॅरेज चालतं. सगळ्यांचं हेच बेअरिंग जातं." म्हटलं, अरे मग सरांना बोलला का नाहीस? तर म्हणे, "त्यांनी मला गाडी शिकवली, पैसे नव्हते तेव्हा फुकट शिकवली. त्यांना सांगणार कोण?"

आणि काम किती, तर पेढ्याएवढं... बरं, पेढ्याएवढं नाही, मुठीएवढं बेअरिंग, आणि त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली! गाडी वर, मेकॅनिक खाली, आणि बाबा स्टुलावर बसून सूचना देतायत, "नट सांभाळ रे, जोर लावू नकोस." तो आपला खालून, "हो सर." शेवटी ते बेअरिंग निघालं. बाबांनी हातात घेतलं, कानाशी नेऊन फिरवलं. खर्रर्र. परत फिरवलं. चेहरा उतरला हो त्यांचा. हळूच विचारलं, "का गेलं रे हे?"

मेकॅनिक पान्याकडे बघतोय. मी मेकॅनिककडे. सांगणार कोण? अहो, त्या माणसाचं स्टिअरिंग गेलं, स्कूल गेलं, उरलं काय? आपण गावाला नीट शिकवलं, एवढंच ना? वैताग वैताग म्हणतो मी, पण माया आहे हो माझी त्यांच्यावर. म्हणालो, "बाबा, मी चुकलो. तुम्ही टेकवायला सांगता, मी दाबून धरतो."

आणि काय सांगू, म्हातारा असा खुलला! "तरी मी म्हटलं! माझ्याकडे शिकलेल्याच्या हातून असं होणार नाही. जावईबापू, तुम्हाला पहिल्यापासून शिकवलं पाहिजे."

झालं. नवीन बेअरिंग बसलं, क्लच लोण्यासारखा झाला, आणि घरी येऊन बाबांनी माळ्यावरून शिकाऊची पाटी काढली. लाल अक्षराची. पुढे एक, मागे एक. डोक्यावरचे केस पिकले माझे, मुलगी कॉलेजात जाते, आणि मी रोज सकाळी मैदानात आठचा आकडा काढतोय. बायको म्हणते, "बाबा बघ कसे दोन घास जास्त जेवतात हल्ली. वर्षभर तरी शिकू नकोस हं."

काल गॅरेजवरून गेलो. मेकॅनिकनं पाटी बघितली, क्लचवरचा माझा पाय बघितला, सरांना वाकून नमस्कार केला... आणि माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, पुढचं बेअरिंग मागवून ठेवतो."